एल्दाबाईंची हाक

“तिरामेसू,” म्हातारी म्हणाली आणि तिनं काचेचा एक वाडगा माझ्या मांडीवर ठेवला.

मी झोपेत होते की जागी, हे मला तेव्हाही धड कळलं नव्हतं. खिडकीबाहेर धुकं होतं. सकाळी होतं, आदल्या दिवशीही होतं. त्या धुक्यातून चर्चची घंटा ऐकू यायची ती पाण्याखाली कुणी वाजवावी तशी. दाराला कडी घालायचं मी सोडून दिलं होतं, त्यामुळे म्हातारी आत कधी आली तेही समजलं नाही. डोळे उघडले तर पलंगाच्या कडेला काळा झगा, वर जाड लोकरी शाल, पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि तांबूस गाल. एखादं चित्र भिंतीवरून उतरून यावं तशी ती उभी.

“तिरामेसू,” ती पुन्हा म्हणाली. चमचा माझ्या हातात देऊन तिनं माझी मूठ मिटवली.

मी एक घास खाल्ला. आधी कडवट लागलं. आपल्याकडे काढा घेताना जीभ आखडते तशी जीभ आखडली. मग तो कडवटपणा सायीत विरघळत गेला, आणि सायीच्या तळाशी कॉफीत भिजलेलं काहीतरी मऊ मऊ लागलं. म्हातारी हात बांधून उभी होती. वाडगा रिकामा झाला तशी तिनं तो उचलला, माझं पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि निघून गेली. मी पुन्हा झोपले. उठले तेव्हा वाटलं, स्वप्न असणार. पण जिभेवर कॉफी होती.

या गोष्टीला आता चाळीसएक वर्षं होतील. आम्ही इचलकरंजीचे. माझे यजमान दिगंबर म्हेत्रे एका कापड कारखान्यात मुख्य मिस्त्री होते. त्यांचं नाव मी आत्ता घेते आहे. तेव्हा तोंडानं घेत नसे. ‘अहो’ आणि ‘हे’ एवढ्यावर आमचा संसार चालायचा. कारखान्याच्या मालकांनी इटलीहून नवे माग घ्यायचे ठरवले होते, आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारे. आमच्या गावात अशा मागांचं नुसतं वर्णन ऐकून माणसं तोंडात बोट घालत. ते माग जोडायला आणि दुरुस्त करायला शिकण्यासाठी यांना हिवाळाभर इटलीत पाठवायचं ठरलं. हे मालकांना म्हणाले, “बायकोला सोडून जाणार नाही. तिची प्रकृती बरी नाही. हवापालट होईल.” मालक भला माणूस होता. तो हो म्हणाला.

अशी मी त्रेव्हिझो शहराजवळच्या त्या लहानशा गावात जाऊन पडले. पडले हाच शब्द खरा. सामानातली एक पेटी इकडून उचलून तिकडे ठेवावी तशी मी गेले होते. एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. खाली घराची मालकीण एकटी राहायची. ती ही म्हातारी, सिन्योरा एल्दा. मी मनातल्या मनात तिला एल्दाबाई म्हणायला लागले. घराच्या मागून एक कालवा वाहायचा. झऱ्यांचं पाणी, थंडीतही न गोठणारं, इतकं नितळ की तळचं हिरवं गवत कुणी केस विंचरून ठेवल्यासारखं एका बाजूला झुकलेलं दिसे. पाण्यावरून सतत वाफ उठायची आणि वरच्या धुक्यात मिसळायची. कुठं पाणी संपतं आणि कुठं हवा सुरू होते ते कळायचं नाही.

संध्याकाळी हे कामावरून आले.

“जेवलीस?”

“हो.”

“काय केलंस?”

“खालच्या बाईंनी काहीतरी आणून दिलं. तिरामेसू म्हणाल्या.”

“मेसू?” हे बूट काढता काढता थांबले. “मासाबिसा नव्हता ना?”

“गोड होतं.”

“मग ठीक.” हे हसले. मीही हसायला हवं होतं. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग बूट भिंतीला लावून ठेवले आणि हात धुवायला गेले. आमचं बोलणं तेव्हा असंच असायचं. दोन माणसं एखादं जड भांडं दोन्हीकडून धरून नेतात ना, पाय जपून टाकत, तसं आम्ही घरात वावरायचो. त्या भांड्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्याकडे बघायचं मात्र नाही.

त्यानंतर एल्दाबाई दर दोन-चार दिवसांनी दुपारी वर यायच्या. कधी वाडगा, कधी खोलगट बशी, पण पदार्थ तोच. मी खात असताना त्या खुर्ची ओढून बसायच्या आणि बोलायच्या. त्यांच्या बोलण्यातलं मला एक अक्षर समजायचं नाही. पण ते ऐकायला बरं वाटायचं. पाणी दगडांवरून जाताना जसं काहीतरी सांगत जातं तसं ते होतं. कधी मीही मराठीत बोलायचे. “आज उशीर केलात,” म्हणायचे, किंवा “आमच्याकडे आता हरभरा घाटे धरायला लागला असेल.” त्या मान डोलवायच्या. जणू घाटे त्यांनाही दिसत होते. मग बोलणं संपायचं आणि आम्ही दोघी खिडकीतल्या पांढऱ्या धुक्याकडे बघत बसायचो. त्यातून एखादं झाड अर्धं बाहेर यायचं आणि पुन्हा आत जायचं.

एक दिवस त्यांनी मला मनगटाला धरून खाली नेलं. स्वयंपाकघर उबदार होतं. चुलीवर कॉफीची छोटी अष्टकोनी किटली फुरफुरत होती. टेबलावर अंडी, साखर, बोटाएवढी लांब बिस्किटं, आणि चक्क्यासारखं काहीतरी दाट, पण आंबटाचा वासही नसलेलं. अंडी बघून मी जागीच थबकले. सासरी अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, आणि मी तर कच्ची अंडी वाडगे भरभरून खाल्ली होती! आता काय करणार? पोटात गेलेलं परत कसं आणायचं? मला हसू आलं. फार दिवसांनी आलं म्हणून मलाच ते ओळखू येईना.

एल्दाबाईंनी पिवळे बलक एका खोल भांड्यात घेतले, साखर घातली, भांडं डाव्या हाताच्या कोपरात धरलं आणि उजव्या हातानं फेटायला लागल्या. खळखळ, खळखळ. पिवळा रंग फिका होत गेला, शेवटी सायीसारखा पांढुरका झाला. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आता तू. आणि ते भांडं त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या घडीत ठेवलं.

भांडं कोमट होतं. फार जड नव्हतं. घडीत नेमकं बसलं.

मी ते टेबलावर ठेवलं, ठेवलं कसलं, आदळलंच, आणि जिना चढून वर पळाले. या वेळी कडी लावली.

आता ते सांगायलाच हवं. निघण्याच्या तीन-एक महिने आधी मी सांगलीच्या दवाखान्यात बाळंत झाले होते. दिवस भरले नव्हते. कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं, मला भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा खोलीत सासूबाई होत्या आणि खिडकीवर ऊन होतं. “मुलगी होती. मेलेलीच जन्मली,” सासूबाई म्हणाल्या. “आता तिचं नाव काढायचं न्हाई. वय हाय, आणिक होतील.” त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असेल. मी बाळाला पाहिलं नव्हतं. ते कुठं नेलं, कुणी नेलं, काही विचारलं नाही. छातीला घट्ट पट्टा बांधला, दूध आटायच्या गोळ्या दिल्या. पाळणा माळ्यावर गेला. माझ्या आईनं केलेले अळिवाचे लाडू कुणाला वाटले कोण जाणे. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. हेही बोलले नाहीत. मग मीही बोलायचं सोडून दिलं, आणि थोड्या दिवसांत उठायचंही.

एल्दाबाई दुसऱ्या दिवशी आल्या. टकटक केली, हाक मारली. मी उघडलं नाही. त्या नंतरही आल्या. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. दाराबाहेर वाडगा ठेवल्याचा आवाज व्हायचा. संध्याकाळी तो वाडगा हे आत आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि झाकायचे. मी हात लावायची नाही.

“त्या बाईंशी काही झालं का?” यांनी एकदा विचारलं.

“काही नाही.”

“मग दार का उघडत नाहीस?”

“झोप लागते.”

हे खिडकीशी जाऊन कितीतरी वेळ पाठमोरे उभे राहिले. बाहेर तर काही दिसत नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की खिडकीबाहेर कुणी चादर टांगल्यासारखं वाटत होतं. मी पडून होते. खालून हाक आली.

“तिरामे सू!”

मला वाटलं, झालं यांचं सुरू. आता टकटक होईल. टकटक झाली नाही. पुन्हा हाक आली. “तिरामे सू! तिरामे सू!”

मला राग आला. किती तो आग्रह? नको म्हटल्यावर माणसानं समजून घ्यावं की नाही? आज खाली जाऊन स्पष्ट सांगावं, हातवारे करून, की बाई, मला तुमचं गोडधोड नको, तुमचं भांडंही नको, मला पडू द्या. त्या रागानंच मी उठले. यांचा स्वेटर साडीवर चढवला, मोजे घातले आणि जिना उतरले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. टेबलावर भांडं नाही, अंडी नाहीत. मागचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून धुकं आत येत होतं.

“तिरामे सू…”

आवाज बाहेरून आला. खालून आला. पहिल्या हाकेपेक्षा तो खूपच बारीक झाला होता.

मागच्या अंगणातून कालव्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. त्या थंडीत तिथं एक लालसर, कडवट पाला पिकतो. त्याचे गड्डे एल्दाबाई त्या पायऱ्यांवर बसून धुवायच्या. पायऱ्यांवर टोपली आडवी पडली होती. लाल पानं पाण्यावर पसरली होती. आणि पानांच्या मधोमध एक पांढरं डोकं. एल्दाबाई छातीपर्यंत पाण्यात होत्या. एका हातानं त्यांनी काठावरच्या विलोच्या झाडाचं मूळ धरलं होतं. दुसरा हात त्यांनी माझ्या दिशेनं वर केला.

“तिरामे सू!”

बोटं उघडी, तळवा वर. त्या हातानं मला सगळं समजलं. तो पदार्थ नव्हता. ती हाक होती. मला ओढ. मला वर ओढ.

मी पायरीवर पालथी झाले आणि त्यांचा हात धरला. बर्फासारखा थंड, ओला हात. ओढलं, तर त्या किंचाळल्या. पायाला काहीतरी झालं होतं; त्यांना उभं राहता येत नव्हतं. झग्यात पाणी भरलं होतं आणि प्रवाह त्यांना खाली खेचत होता. माझा हात घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. विलोचं मूळ वाकायला लागलं होतं.

पायरीच्या बाजूच्या भिंतीत एक जाड लोखंडी कडी होती, पूर्वी होड्या बांधत असतील तिथं. मी साडी सोडली. आमच्याच कारखान्यातली सुती साडी. सुतातच जन्म गेलेल्या घरातली बाई मी, ती फाटणार नाही हे मला माहीत होतं. पदराचं टोक घेऊन मी दोन पायऱ्या पाण्यात उतरले. पाणी मांड्यांना लागलं तशी माझा श्वासच तुटला. त्यांच्या काखेखालून पदर घेतला, पाठीमागून आणला, पुढं गाठ मारली. दुसरं टोक कडीतून ओवून घेतलं. वर येऊन पाय भिंतीला टेकले आणि ओढायला लागले.

“धरा!” मी ओरडले. “मूळ सोडा, हे धरा! आई, सोडू नका! सोडू नका, आई!”

माझ्या तोंडातून एवढा मोठा आवाज निघतोय यावर माझा विश्वास बसेना. धुक्यात तो कुठवर गेला देव जाणे. हातभर साडी ओढली की कडीला पीळ द्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायचं. एल्दाबाई एका पायानं पायरी शोधत होत्या. त्यांचे ओठ निळे पडले होते, पण डोळे माझ्या डोळ्यांत होते, ते एकदाही हलले नाहीत. एक पायरी. मग दुसरी. मी ओरडत होते, ओरडता ओरडता रडत होते, आणि जे ओरडत होते ते नंतर मलाही आठवलं नाही. शेवटच्या पायरीवर त्यांचं वजन माझ्या छातीवर आलं. आम्ही दोघी तशाच मागं कोसळलो, एकमेकींना घट्ट धरून.

शेजारच्या मळ्यातले दोन गडी माझा आवाज ऐकून धावत आले. त्यांनी पाहिलं असेल ते असं: परकर आणि पुरुषी स्वेटर घातलेली एक परदेशी बाई जमिनीवर बसली आहे, मांडीवर भिजलेल्या म्हातारीला घेऊन, आणि पुढंमागं डोलते आहे. एकानं आपला कोट काढून माझ्या पायांवर टाकला.

एल्दाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. थंडीनं फुप्फुसंही धरली होती. काही दिवस त्यांना कुणी भेटू नये म्हणाले. मग एका संध्याकाळी हे कामावरून लवकर आले आणि आम्ही दोघं बसनं त्रेव्हिझोच्या इस्पितळात गेलो. यांना तिथली भाषा बरीच कळायला लागली होती. कारखान्यातले कामगार गावच्याच बोलीत बोलायचे, त्यामुळे पुस्तकातल्या इटालियनपेक्षा एल्दाबाईंचं बोलणंच यांना जास्त समजायचं.

एल्दाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. खूप लहान दिसत होत्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी पलंगाच्या कडेला बसले.

“विचारतात, एवढ्या हाका मारल्या, तुला यायला वेळ का लागला?” हे म्हणाले.

“सांगा त्यांना, मला वाटलं त्या खायला बोलावतायत.”

यांनी सांगितलं. एल्दाबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. खुबा दुखत होता तरी हसत राहिल्या, हातानं कमर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या पलंगावरच्या बाईलाही त्यांनी ते सांगितलं. तीही हसली. मीही हसले. हे माझ्याकडे बघत होते.

“विचारा ना,” मी म्हणाले, “खायच्या पदार्थाला असं नाव का? मला वर ओढ, असं कुणी नाव ठेवतं का?”

हे विचारायला लागले. एल्दाबाई बराच वेळ बोलल्या, माझा हात हातात घेऊन. हे थांबत थांबत सांगत गेले.

“म्हणतात, हा बिस्किटं-कॉफीचा प्रकार तसा नवाच आहे. त्यांच्या लहानपणी नव्हता. कुणी म्हणतं त्रेव्हिझोतल्या खाणावळीत निघाला, कुणी म्हणतं शेजारच्या प्रांतात. जो तो आपल्याच गावचा म्हणतो. पण त्यांच्या घरात त्याच्या कितीतरी आधीपासून एक असायचं. अंड्याचा बलक आणि साखर, फेसून फेसून पांढरं करायचं आणि चमच्यानं भरवायचं. गळून गेलेल्या माणसाला वर काढायला. आजारातून उठलेल्याला, थकलेल्या म्हाताऱ्याला…”

हे थांबले.

“आणि?”

एल्दाबाईंनी तो शब्द पुन्हा उच्चारला. त्या यांच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. अगदी हलका.

“अहो, काय म्हणतात त्या?”

यांनी पांघरुणाच्या काठाशी चाळा केला.

“म्हणतात… बाळंतिणीला.”

मी एल्दाबाईंच्या हातावर माझा हात ठेवला.

“म्हणतात,” हे जमिनीकडे बघत सांगायला लागले, “आपण नवीन आलो तेव्हा त्या एकदा वर आल्या होत्या, पाव द्यायला. तू गाढ झोपली होतीस. हात असा होता.” यांनी डावा हात कोपरात वाकवला आणि छातीशी धरला. “घडीत कुणीतरी असल्यासारखा. त्यांनी खोलीभर पाहिलं. बाळ कुठंच दिसेना. मग काही न विचारता खाली गेल्या आणि अंडी फोडली. म्हणतात, बाळ असो नसो, बाळंतीण ती बाळंतीण. तिला खायला घालायला नको?”

मला त्या क्षणी काय झालं ते कसं सांगू? मला कुणी बाळंतीण म्हटलं नव्हतं. माझ्या कानाला कुणी फडकं बांधलं नव्हतं, अंगाला तेल लावलं नव्हतं, शेक दिला नव्हता, खाटेखाली शेगडी ठेवली नव्हती. पाचवी पुजली नव्हती. मी जणू कुठल्यातरी आजारानं दवाखान्यात गेले आणि बरी होऊन घरी आले. आणि ही परमुलखातली म्हातारी, माझं नावही धड उच्चारता न येणारी, हिवाळाभर जिने चढून बाळंतिणीचं खाणं मला भरवत होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. यांनी त्याचा अर्थ सांगितला नाही. मीही विचारला नाही.

एल्दाबाई पुढं बऱ्या झाल्या. झाडांना पालवी फुटली तेव्हा काठी टेकत घरी आल्या, आणि आम्ही निघालो त्या दिवशी फाटकाशी उभ्या राहून कितीतरी वेळ हात हलवत होत्या. आम्हाला नंतर दोन मुलगे झाले. त्या वेळी माझं सगळं रीतसर झालं, लाडू, शेक, धुरी, सगळं. पण मला जे सांगायचं आहे ते इस्पितळातून बाहेर पडल्यानंतरचं.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि धुक्यात प्रत्येक दिव्याभोवती एक मोठा पिवळा गोळा तरंगत होता. दिव्याचा खांब दिसत नव्हता. सगळं शहर जमिनीपासून सुटून वर आल्यासारखं वाटत होतं. बाकावर आम्ही बसलो. यांनी हात कोटाच्या खिशात घातले होते.

“अहो.”

“हं.”

“कशी होती ती?”

मला वाटलं, यांनी ऐकलं नसेल. मग यांनी खिशातून हात बाहेर काढले आणि धुक्यात दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले.

“एवढी,” हे म्हणाले. मग तळवे थोडे जवळ आणले. “नाही. एवढीच.”

“केस होते?”

“खूप. काळेभोर. ओले होऊन कपाळाला चिकटले होते.”

“आणि?”

“बोटं लांब होती. तुझ्यासारखी.” यांनी तळवे खाली घेतले. “आईनं गुंडाळायला जुनेर काढलं होतं. मी म्हटलं, नको. कारखान्यातून मलमल आणली, मागावरून नुकतीच उतरलेली. त्यात घेतलं. नदीपर्यंत मीच घेऊन गेलो. कुणाच्या हातात दिलं नाही.”

“म्हणजे तुम्ही तिला…”

“आधीही घेतलं होतं. ती जिवंत होती, लता.”

धुक्यातून कुठूनतरी घंटा वाजली आणि थांबली.

“थोडाच वेळ. नर्सनं माझ्याकडे दिली. तू शुद्धीत नव्हतीस. आई म्हणाली, तिला सांगू नको, मेलेलीच जन्मली म्हणून सांगू, म्हणजे तिला कमी लागेल. मला ते पटलं नव्हतं. पण तू काही विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला तो विषयच नको असेल.”

“मला वाटलं, तुम्हाला नको असेल.”

हे माझ्याकडे वळले. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आवाज न करता, चेहरा न झाकता हे रडत होते.

“तिनं माझं बोट धरलं होतं,” हे म्हणाले. करंगळी पुढं करून दाखवली. “हे. घट्ट धरलं होतं. सोडवत नव्हती.”

बस आली. दार उघडलं. उजेडाचा एक चौकोन आमच्या पायांशी पडला. चालकानं जरा वाट पाहिली, काहीतरी विचारलं. आम्ही बसूनच राहिलो. दार मिटलं आणि बस धुक्यात गेली.

मी त्यांची करंगळी माझ्या मुठीत धरली.

“अजून सांगा,” मी म्हणाले.